नरक्याचं तूप

३ नोव्हेंबर, सोमवार

स्नेहलनं ही डायरी दिली. खताच्या दुकानातली हाय, वर भाताच्या लोंब्यांचा फोटू. म्हणाली, "आज्जे, तू दिवसभर बोलत असती आन् आईला आता निजू द्यायचं असतं. हिच्याशी बोल." बघा, नातीनं आज्जीला गप बसवायची युगत काढली! पर मला लई आनंद झाला. तिसरी शिकले आन् पुढं म्हशी राखल्या. आता म्हातारपणी डायरी लिहिणारी झाले. आमचे हे असते तर म्हणाले असते, काय मामलेदारीण झालीस का.

तर पहिलं काय लिहू? आमची वाडी वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या कुशीत. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पर आमच्या तोंडात वेल्हंच. घरात मी, लेक बंडू, सून मंगल. नात स्नेहल भोरला ऱ्हाती, औषधांचं कॉलेज शिकती. वाडीतली पहिली पोर हाय ती औषधांचं शिकणारी. हे मी सगळ्यांना सांगते. एसटीच्या कंडक्टरला बी सांगितलं.

मंगलला आतड्यात गाठ निघाली. श्रावणात पुण्याला कापून काढली. पर मुळं ऱ्हायल्यागत झालंय, म्हणून आता सलाईनातून सुया. दर पंधरवड्याला एक. एक झाली, परवा दुसरी. डॉक्टर म्हणाले गाठ परत येऊ न देणं एवढंच आपल्या हातात.

मंगल मला सून न्हाई. पोटची पोरगी लहानपणीच गेली, तिच्या जागी ही आली. एवढंच लिहिते, पुढचं लिहिताना अक्षर फिसकटतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल पुण्याला जाऊन आलो. चेलाडीपर्यंत जीपनं. तितून भोरचा अन्वर त्याच्या ओमनीत घेतो. त्याची बायको जमीला, तिला बी तसलंच दुखणं, तीच सुई, तोच दिवस. मंगल आन् जमीला मागं बसून खुसुखुसू हसत असतात. काल केसांवरनं चाललं होतं. जमीला म्हणाली, "माझे गेले तर बुरख्यात कुणाला दिसतंय? तुझी पंचाईत." मंगल म्हणाली, "मी पदर घेते की. आमच्या आत्याबाईंना तेवढंच बरं वाटंल." मी काय कधी पदरावरनं बोलले व्हय? बरं, बोलले असंल.

आता खरी गोष्ट. स्नेहल काल संगं आली होती. सलाईनला छोटी पिशवी लावली, त्यात फिकट पिवळं पाणी. स्नेहल म्हणाली, "आज्जे, हे औषध कशापासनं करतात ठावं हाय? नरक्यापासनं."

म्हणलं, "कुठला नरक्या? आपला? ओढ्याच्या वरचा, मेलेल्या उंदरागत वासाचा?"

"तोच की."

अन्वर हसायला लागला. "आज्जी, तरणा होतो तवा टेम्पोत वाहिलंय म्या ते लाकूड. व्यापारी न्यायचे. आमाला काय ठावं कशाला. फॉरेस्टवाल्यांनी धरलं तवा सोडलं. गाडी पावसाळाभर वासत होती. त्यो वास मी मेल्यावर बी वळखीन."

मला तर रडूच आलं आनंदानं. जे पाणी पुण्याला जाऊन थेंबाथेंबानं घ्यायचं, त्याचं झाड आमच्या डोक्यावर उभं हाय! आन् आमी वासानं चुलीत बी घालत न्हवतो.

स्नेहलनं लई सांगितलं. झाडाला कीड लागू नये म्हणून झाड अंगातच एक कडू करतं, त्याला अल्कलॉइड म्हणतात. चहात बी असतं, तंबाखूत बी. नरक्यातलं जे हाय ते पेशीच्या आत जातं. पेशी म्हंजी पिळाचा दोर धरा. वाढायचं तर दोर उलगडावा लागतो, उलगडताना पीळ पडतो, मंग एक पदर तोडून, पीळ काढून, परत जोडतात. हे औषध जोडूच देत न्हाई. दोर तुटून ऱ्हातो, गाठ मरती. दोर वळण्यात माझं आयुष्य गेलंय, मला लगेच कळलं.

मंग ती म्हणाली, "पर त्याला चांगलं-वाईट कळत न्हाई बरं का आज्जे. जे भराभर वाढतं ते सगळं धरतं. केस, आतड्याचं अस्तर, रक्त." हे मला काय पटलं न्हाई. देवानं केलेल्या झाडाला कळत न्हाई आन् डॉक्टरला कळतं व्हय?

आणिक म्हणाली, झाडातलं जसंच्या तसं पाण्यात उतरतच न्हाई. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला मागनं एक शेपूट जोडलं, तवा कुठं ते सलाईनात घालता आलं.

मी मनात हसले. हळद तरी पाण्यात कुठं उतरती? तुपात उतरती. येवढं शिकलेली माणसं, शेपूट कशाला जोडत बसली?

८ नोव्हेंबर, शनिवार

बंडू भात झोडत होता, मंगल निजली होती. मी सरपणाला म्हणून गेले. ओढ्याच्या वरच्या अंगाला एकच नरक्या उरलाय, बाकी त्या व्यापाऱ्यांनी नेले. गुडघे लई बोलले, पर चढले.

झाडाला हळदकुंकू वाहिलं. म्हणलं, बाबा, माझी मंगल हाय, पोरगी समज. मंग कोयत्यानं साल काढली. एकाच अंगाची काढली तर तिकडं दुखंल, म्हणून चारी बाजूंनी सारखी, कमरेला पट्टा बांधल्यागत काढली. ओलं लाकूड उघडं पडलं तवा तोच वास. पर काल मला तो वास गोड लागला. म्हंजी आज. हे काल-आज माझं डायरीत बी चुकतंय.

कुणाला सांगितलं न्हाई. बंडू म्हणंल, आई, डॉक्टरला इचार. डॉक्टर काय व्हय म्हणणार? त्यांचं दुकान चालायचं हाय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

साल पत्र्यावर वाळवली, उखळात कांडली. शिंका आल्या लई. गावठी तुपात मंद आचेवर तळली. तूप हिरवट काळं झालं. गाळलं न्हाई, चोथ्यातलं तरी कशाला वाया घालवा. वर वेलदोडा, गुळाचा खडा. तरी वास मागं ऱ्हातोच.

तांदळाच्या गरम पेजेत चमचाभर सोडलं. म्हणलं, "मंगल, ताकदीचं तूप हाय." तिनं वाटी नाकाशी नेली. थांबली. माझ्याकडं बघितलं. मंग सगळी पेज प्याली, वाटी पुसून. लई गुणाची.

मी परड्यात जाऊन देवाला हात जोडले. येवढा आनंद बंडूच्या जन्माला बी झाला नसंल.

१६ नोव्हेंबर, रविवार

मंगलला पोट धरवेना. परड्यात जाऊन उंबऱ्याशी येती न् परत फिरती. स्नेहलचा फोन आला, म्हणाली ह्या सुईनं होतंच असं, डॉक्टरांनी दिलेली थांबायची गोळी दे, पाणी-साखर-मीठ दे. दिली. थांबंना.

मला वाटतं घाण जातीय. गाठ विरघळून जातीय. गोळी द्यावी का न्हाई ह्याचा लई इचार केला. थांबवून घाण आत ठिवायची का? पर पोरीचे डोळे खोल गेलेत बघून दिली. तूप चालू हाय.

मंगल भिताडाला टेकून म्हणाली, "आत्याबाई, आता मी परड्यातच खाट टाकते. येणंजाणं वाचंल." हसलो दोघी. मंग तिला हसताना चक्कर आली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज सुई दिलीच न्हाई.

रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी लई खाली गेल्यात म्हणाले. त्याच पेशी अंगातल्या रोगाशी लढतात, त्या वर आल्याशिवाय सुई न्हाई. जमीलाला दिली. तिचं रक्त बरं हाय. तेच औषध, तोच दिवस, ती खुर्चीत बसून खारी खातीय न् माझी मंगल बाकावर आडवी. देवा, हा कसला न्याय?

डॉक्टरीण बाई लई गोड हायेत. इचारलं, "आजी, घरी काही काढा, झाडपाला, बाहेरचं औषध देता का?" म्हणलं, न्हाई. खोटं काय बोलले? काढा कुठं दिला? तूप दिलं. तूप काय औषध हाय? त्यांनी मंगलला बी इचारलं. ती बी न्हाई म्हणाली. तिला तर बिचारीला ठावंच न्हाई काय.

पर म्या मनाशी ठरवलंय. त्यांनी हात काढला, म्हंजी आता सगळा भार माझ्या तुपावर. सुई न्हाई तर न्हाई, झाड हाय.

जमीलाला बी एक बरणी दिली. म्हणलं, पेजेत, खिमटात, कशात बी घाल. तिनं माझा हात डोळ्याला लावला. तिचं बरं चाललंय, पर आणिक बरं का होऊ नये?

घरी आल्यावर मंगल स्वतःहून म्हणाली, "आत्याबाई, आज तूप जरा जास्त घाला." माझा जीव सुपायेवढा झाला. आवडायला लागलंय तिला! दोन चमचे घातले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हितं दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहिते. अक्षर हाललंय.

सकाळी मंगलला ताप. अंग चुलीच्या भिंतीगत. तोंडात फोड. आन् लघवीला लाल. आधी वाटलं बाईचं काय असंल. पर न्हाई, रक्तच. बंडूनं अन्वरला फोन केला. तो भोरवरनं थेट वाडीपर्यंत आला, येवढ्या दगडाधोंड्यात ओमनी घालून. वाटभर मंगल माझ्या मांडीवर होती. तिचे केस माझ्या लुगड्याला चिकटून आले.

तिला एका काचेच्या खोलीत ठिवलंय. एकाच माणसानं जायचं, तोंड बांधून. बंडू जातो.

मी हितं काय करू? देवाला काय सांगू जे सांगितलं न्हाई?

२३ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरीण बाई बंडूला म्हणाल्या, "जुलाब समजतो, पेशी कमी झाल्या तेही समजतं. पण इतकं? आणि लघवीतून रक्त या औषधानं होत नाही. कुठून आलं कळत नाही." स्नेहल भोरवरनं आलीय. मोबाईलवर वाचत बसलीय, डोळे लाल. म्हणती, "आज्जे, काहीतरी चुकतंय, मला सापडत न्हाई."

नात येवढी शिकलेली, तिला सापडंना. मंग मलाच करायला पायजे. दवाखान्याचं जेवण चव ना ढव. खाली टपरीवाल्या मावशीच्या स्टोवर पेज करून घेतली. बरणी पिशवीत आणलीच होती. डबा बंडूच्या हातून आत पाठवला. तीन चमचे. बंडू म्हणाला अर्धा डबा खाल्ला, मंग वकली.

आत गेलं ते तरी गेलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हे लिहायचं न्हाई असं वाटतंय. पर डायरी कोरी ठिवली तरी झालेलं जात न्हाई.

अन्वर आला. हातात बरणी, मी जमीलाला दिलेली. कडेला बसला, बरणी मधी ठिवली. म्हणाला, "आज्जी, जमीला म्हणाली तिला वासानं खाववेना. टाकवेना बी, तुमी मायेनं दिलेलं. म्हणून मला म्हणाली तुमी चाखून बघा. झाकण काढलं." बरणी माझ्याकडं सरकवली. मंग म्हणाला, "ह्यात काय हाय?"

मी तर फुशारकीनंच बोलले. "वळखलंस ना? नरक्या! तुपात उतरवलाय. सुईचीच आई हाय ती. शेपटाबिगर."

अन्वरचा चेहरा असा झाला, जसा कुणी गेल्यावर होतो. "मंगलभाभीला देता हे?"

"रोज."

"किती?"

"आधी एक चमचा, आता तीन."

"आज्जी," तो म्हणाला, हळू, "तितं ती नर्स थेंब मोजून लावती. औषध येवढंसं असलं तरी डॉक्टर आधी रक्त बघतात, मंग ठरवतात. आन् तुमी चमच्यानं?"

मला अजून बी पुरतं कळलं नव्हतं. मी म्हणणार होते की देवाचं झाड हाय. पर त्याच टायमाला बंडू समोरनं गेला. हातात डबा. आजचा. लिफ्टकडं. म्याच भरलेला.

मी कशी उठले मला ठावं न्हाई. ह्या गुडघ्यांनी मी कदी पळाले न्हाई. लिफ्टचं दार मिटत होतं, म्या हात घातला. डबा ओढून घेतला, खाली पडला, पेज सगळी फरशीवर. तोच वास. बंडू म्हणाला, "आई, खुळी झालीस का?"

म्हणलं, "तिला देऊ नको. माझ्या हातचं काय बी देऊ नको."

स्नेहल धावत आली. म्या सांगितलं. झाड, साल, तूप, चमचे. ती खाली बसली, त्या पेजेच्या शेजारीच. म्हणाली, "आज्जे, पाण्यात उतरत न्हाई हे म्याच तुला सांगितलं." आन् मंग, "लघवीचं रक्त. शेपूट जोडायच्या आधी हेच औषध माणसांना देऊन बघितलं होतं. त्यांना बी असंच रक्त जायचं. म्हणूनच तर सोडून दिलं होतं."

मंग तिनंच माझा हात धरून डॉक्टरीण बाईंकडं नेलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बाई रागावल्या न्हाईत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसला न् म्हणाल्या, "आता तरी कळलं. आजी, याला उतारा नाही. अंगातून जाईपर्यंत तिला धरून ठेवायचं." पेशी वाढवायची सुई लावलीय, रक्त चढवतात, पोटात नळी. बाई म्हणाल्या बहुतेक निभंल. बहुतेक म्हंजी काय, मला इचारायचा हक्क ऱ्हायला न्हाई.

बंडू माझ्याशी बोलला न्हाई. सांजच्याला येवढंच म्हणाला, "आई, हितनं पुढं तिचं खाणं मी करीन." त्याला भात बी शिजवता येत न्हाई.

म्या आजवर कुणाला उपाशी ठिवलं न्हाई. वाटसरूला, कुत्र्याला बी. आन् माझ्याच हातचं आता कुणाला चालणार न्हाई.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ताप उतरला. पेशी जरा वर आल्या. बाईंनी मला आत जाऊ दिलं, तोंड बांधून, हात धुऊन, पायात पिशव्या. मला बघून मंगल हसली. डोक्यावर केस न्हाई, पदर बी न्हाई. म्हणाली, "बघा आत्याबाई, पदर पडला तरी आता काय बोलताय?"

मी पाय धरायला वाकले. तिनं पाय ओढून घेतले.

म्हणाली, "वास म्या पहिल्याच दिवशी वळखला. माझं म्हायेर बी डोंगरातलंच. लहानपणी ती लाकडं चुकून आणली म्हणून आईनं मारलं होतं मला."

म्हणलं, "मंग खाल्लं कशाला, बाय माझी?"

मंग म्हणाली, "स्नेहल दवाखान्यात सांगत होती तवा मी बी ऐकत होते की. तुमाला जे वाटलं ते मला बी वाटलं. सुई बंद झाली तवा तर लईच. मला जगायचंय, आत्याबाई. दोन चमचे घाला म्हणून म्याच सांगितलं ना?"

मी तिचं डोकं कुरवाळलं. हातमोज्यातनं. आमी दोघी येकाच डोंगरातल्या, दोघींनी डॉक्टरला न्हाई म्हणलं.

सुई कदी चालू व्हणार, बाईंना इचारलं. म्हणाल्या अंग सावरल्यावर, कमी मापानं. मधले दिवस गेले त्याचं काय? त्या म्हणाल्या, "ते आता सांगता येत नाही, आजी."

२ डिसेंबर, मंगळवार

मला घरी पाठवलं, गुरं कोण बघणार. बरणीतलं उरलेलं तूप, कांडलेली साल, सगळं स्नेहलनं बांधून नेलं, म्हणाली हे उकिरड्यावर बी टाकायचं न्हाई. उखळ म्या तीनदा धुतलं, तरी फोडून टाकावंसं वाटतंय.

शेणमाती कालवून वर गेले. नरक्याला जिथं पट्टा काढला तिथं लाकूड वाळून काळं पडलंय. चारी बाजूंनी शेणमाती थापली, वर गोणपाट बांधलं. जखमेला करतात तसं. वर पाला हिरवागार हाय. जीव जरा थंड झाला.

खाली आल्यावर स्नेहलला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आज्जे, गोल काढली साल? सगळीकडनं?" मंग म्हणाली, "पाला काही दिवस हिरवाच ऱ्हातो. पर मुळाचं अन्न सालीतनंच जातं." पुढचं म्या इचारलं न्हाई.

७ डिसेंबर, रविवार

मंगल घरी आली! अन्वरनं उंबऱ्यापर्यंत आणून सोडलं. जमीला बी संगं होती, मला मिठी मारून म्हणाली, "आज्जी, बरणी तर परत केली, आता चहा तरी पाजा." मला तिच्यापुढं कप ठिवायची भीती वाटली. तिनं माझ्यासमोर सगळा चहा बशीत ओतून, फुरके मारून प्याला.

मंगल काडीगत झालीय. बंडूनं पेज केली. तळाला लागली, वर कच्ची. तिनं एक घोट घेतला न् वाटी खाली ठिवली. बंडू बघत ऱ्हायला. मी चुलीपासनं लांब, दाराशी बसले होते.

मंगल म्हणाली, "आत्याबाई, तुमी करा."

बंडू चुलीपासनं उठला. बाहेर गेला, पर आधी दारात सरकून मला आत जायला वाट दिली.

तांदूळ धुतले. मंगल पडल्या पडल्या प्रत्येक गोष्ट बघत होती. तांदूळ, पाणी, मीठ. मी बी तिला दाखवून दाखवून करत होते, जादूवाल्यागत. पेज झाली. वाटीत वाढली.

"साधीच हाय ना?" तिनं इचारलं.

"साधीच."

"मंग द्या. तूप नको."